पोळ्याला जमलेलं पुरण महालक्ष्म्यांना पातळ का होतं, आमच्या घरचा बिघाड कसा सापडला

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमच्याकडेही हेच होत असेल तर लगेच कळेल. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे अर्धा किलो डाळीचं पुरण होतं, घरची आठ-दहा माणसं, पोळ्या अशा टम्म फुगतात की आई मोठ्या आईला फोन करून सांगते. मग आठ-दहा दिवसांनी महालक्ष्म्या (गौरी) येतात, चाळीस-पंचेचाळीस पानं, चार किलो डाळ, तीच माणसं, तेच दुकान, तोच तवा आणि पुरण पातळ. पोळी लाटायला घेतली की पुरण बाजूनं बाहेर, तव्यावर टाकली की फुटून राहिली, फुटली की गूळ तव्याला लागला, तो जळला की पुढच्या चार पोळ्यांना काळे डाग, आणि तिकडे हॉलमध्ये सवाष्णी बसल्या आहेत, आरतीचं ताट तयार आहे आणि आई आतून ओरडते आहे की नैवेद्याची एक तरी सरळ पोळी द्या रे बाप्पा.

हे एक-दोन वर्षं नाही, सहा-सात वर्षं चाललं. दरवर्षी आरोपी वेगळा असायचा. एका वर्षी बायकोनं कणिक सैल भिजवली म्हणून, एका वर्षी गूळ ओला निघाला म्हणून, एका वर्षी मी मधेच डावानं ढवळलं म्हणून (मी नव्हतं ढवळलं, मी फक्त चाखलं). मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात ईडा पीडा घालवायला मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते) महाल भागात गर्दीत उभा राहून मी एकदा मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, पुरणाची ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. पिवळी मारबत गेली, काळी मारबत गेली, पुरण तसंच.

मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली म्हणजे बिघाड तिसऱ्या मजल्यावर आहे असं नसतं, तो वर मशीन रूममध्येही असू शकतो. पोळी तव्यावर फुटते म्हणून सगळे तव्याकडे आणि बेलण्याकडे बघतात. २०२४ ला मी ठरवलं की या वेळी बघायचं फक्त, मधे बोलायचं नाही. त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला होता आणि महालक्ष्म्यांचं जेवण ११ सप्टेंबरला, म्हणजे मधे जेमतेम नऊ दिवस, हवा तीच, डाळ एकाच पोत्यातली, इतवारीतून आणलेली, गुळाची भेलीही एकच, पोळ्याला फोडली आणि उरलेली महालक्ष्म्यांना वापरली. म्हणजे डाळ आणि गूळ दोघंही सुटले. मग जे काही वेगळं होतं ते करण्यात होतं. किराण्याच्या वहीत मी दोन्ही दिवसांचं लिहून काढलं, पाणी कुठलं, कशात शिजवलं, किती वेळ निथळलं, कशात आटवलं, कुठं ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, देवाचा स्वयंपाक आहे, पंचनामा नाही." पण वही ठेवली मी.

पहिला फरक पाणी. आमचं घर मानेवाड्याकडे आहे, घरी बोअर आहे आणि नळही आहे. पोळ्याला डाळीला लागतं दोन-अडीच लिटर पाणी, ते सरळ पिण्याच्या माठातून घेतलं जातं, म्हणजे नळाचं, पेंच-कन्हान नद्यांचं. महालक्ष्म्यांना डाळ धुवायची, भिजवायची, शिजवायची म्हणजे दोन-तीन बादल्या, त्या बाहेरच्या टाकीवरून भरल्या जातात, आणि टाकीत बोअरचं. हे कोणी ठरवून केलेलं नाही, हाताशी जे आहे ते माणूस घेतो. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की गीझरची कॉइल दर दीड-दोन वर्षांनी पांढरी होऊन जाते, स्टीलच्या बादलीला आतून खरवडलं तर चुन्यासारखं निघतं. अशा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असतं आणि ते डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणजे डाळीचे कण एकमेकांना बांधून ठेवणारा जो चिकट भाग आहे तो विरघळतच नाही, त्यामुळे डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कचकच लागते. जुनी डाळ असेल तर आणखीनच.

बरं, डाळ शिजत नाही म्हटल्यावर घरोघरी काय करतात? चिमूटभर सोडा. आईनं तेच केलं, फक्त चार किलोला चिमूट कशी पुरणार म्हणून चमचा टाकला. आणि सोडा टाकला की डाळ शिजत नाही, विरघळते. मी समोर उभा राहून पाहिलं हे, दहा मिनिटांपूर्वी दाणा दाणा होता आणि आता वरून पिठल्यासारखं. अशी डाळ चाळणीवर ओतली तर तिच्यातून कट निघतच नाही, कारण पाणी बाहेर राहिलेलंच नाही, सगळं लगद्यात शिरलेलं आहे. पोळ्याला अर्धा किलोतून मोठा डबाभर कट निघाला होता, आमटीला पुरून उरला. महालक्ष्म्यांना चार किलोतून तेवढाच निघाला. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी सापडलं. आठपट डाळ आणि कट तेवढाच, मग बाकीचं पाणी गेलं कुठं? पुरणात.

सोड्याला पर्याय आहे तो साधा आहे, नळाचं किंवा गाळलेलं पाणी वापरा. फक्त शिजवायला नाही, भिजवायलाही, कारण भिजताना डाळ जे पाणी पिते तेच आत राहतं. हळद टाका, चमचाभर तेल टाका म्हणजे फेस कमी येतो. आणि गूळ डाळ पूर्ण शिजल्याशिवाय टाकू नका, गूळ पडला की डाळ तिथंच थांबते, नंतर कितीही उकळा.

दुसरा फरक भांडं. पोळ्याला कुकर, चार-पाच शिट्ट्या, झालं. महालक्ष्म्यांना बिछायतवाल्याकडून भाड्यानं आणलेला मोठा गंज (उभट पातेलं) आणि बाहेर अंगणात भट्टी. गंजात चार किलो डाळ म्हणजे खालची डाळ जाळाजवळ, वरची डाळ लांब. खालची गळून गेली तरी वरची बोटानं दबत नाही, वरची शिजेपर्यंत खालची तळाला लागते. मग सगळं मिसळलं की पातळ लगदा आणि त्यात अर्धे कच्चे दाणे. हे कच्चे दाणे पुरणयंत्रातून तुकडे होऊन निघतात आणि पोळी लाटताना बेलण्याखाली येऊन कणकेला आतून भोक पाडतात. तुमची पोळी जर नेमकी एका ठिपक्यासारख्या जागेतून फुटत असेल, कडेनं नाही, तर तुमचा बिघाड हा आहे, पुरण पातळ असण्याशी त्याचा संबंध नाही. कडेनं फुटत असेल तर पुढे वाचा.

आता आम्ही गंज आणतो पण कढीसाठी. डाळ कुकरमध्येच, एक आमचा दहा लिटरचा आणि एक वहिनीचा, प्रत्येकात एकदा एकच किलो. कुकर डाळीला अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, फेस वर येऊन शिट्टीत अडकतो, एका किलोला तीन लिटर पाणी धरलं तरी दहा लिटरच्या कुकरमध्ये अर्ध्याच्या खालीच राहतं. दोन कुकर, दोन वेळा, चार किलो. प्रत्येक खेपेची डाळ एका चाळणीत वेगळी. पूर्ण वीस मिनिटं निथळू द्यायची, मधे एकदा चाळणी आपटायची, आणि खाली जे जमेल ते कट आमटीला.

तिसरा फरक खरा आहे, बाकी दोन सुधारले तरी हा राहिला असता तर पुरण पातळच राहिलं असतं. आटवणं.

पोळ्याला अर्धा किलोचं पुरण एका पसरट कढईत आटतं, अर्ध्या तासाच्या आत. महालक्ष्म्यांना तेच पुरण आठपट होतं आणि भांडं तेवढं मोठं घेतलं जातं. इथं गंमत बघा. समजा तुम्ही पहिल्या भांड्यापेक्षा दुप्पट रुंद आणि दुप्पट खोल भांडं घेतलं तर त्यात माल मावतो आठपट, पण वरचं तोंड, जिथून वाफ निघते, ते होतं फक्त चौपट. म्हणजे दर किलोमागे वाफ निघायला जागा निम्मी. वर गंज उभट असेल तर त्याहून कमी. म्हणजे जे अर्ध्या तासात आटत होतं त्याला आता एक तासाच्या वर पाहिजे, आणि तेही जाळ तेवढाच मोठा ठेवला तर. पण जाळ मोठा ठेवता येत नाही कारण गूळ पडलेला आहे, तळाला लागतो, म्हणून जाळ कमी करतात. जाळ कमी केला की आणखी वेळ. आणि इतक्या वेळात पुरण फटफट उडायला लागतं, हातावर उडालं की फोड येतो, ढवळणाऱ्याचा खांदा गेलेला असतो, घड्याळात साडेदहा वाजलेले असतात, मग कोणीतरी म्हणतं झालं झालं, थंड झालं की घट्ट होईल. थोडं होतंही. पण जेवढं व्हायला पाहिजे तेवढं नाही.

आई इतकी वर्षं म्हणत होती, "माप तेच आहे रे, मंग काऊन बिघडते?" मापच तेच आहे म्हणून बिघडतं. माल आठपट होतो, वेळ आठपट होत नाही आणि तोंड चौपटच होतं. हे मी आईला थाळी आणि वाट्या मांडून दाखवलं, तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे लहान कढईत कर म्हणतोस, एवढंच ना?" हो, एवढंच.

तर आता चार घाणे. एक किलो डाळीचा एक घाणा, पसरट जाड बुडाची कढई, दोन शेगड्यांवर दोन कढया शेजारी शेजारी. पहिली पाच-सात मिनिटं निथळलेली डाळ नुसतीच कढईत, गुळाशिवाय, ढवळत परतायची. ही मिनिटं वाया वाटतात पण इथंच सगळा फायदा आहे, गूळ पडायच्या आधी जे पाणी उडतं ते फुकटात उडतं, गूळ पडला की साखर पाण्याला धरून ठेवते आणि मग तेच पाणी काढायला तिप्पट कष्ट. डाळ कढईच्या कडेनं सुटायला लागली, चमच्यावरून ओली चकाकी गेली की मग गूळ. आमच्याकडे किलो डाळीला पाऊण किलो गूळ आणि पाव किलो साखर असतं, नुसत्या गुळाचं पुरण आमच्या घरच्यांना जड वाटतं. गूळ पडला की सगळं एकदम पातळ होतं, पहिल्यांदा करणारा माणूस घाबरतो आणि डाळ वाढवायला धावतो. घाबरायचं नाही, ते तसंच होतं, पुन्हा आटतं. किलोच्या घाण्याला गूळ पडल्यावर साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटं.

झालं कधी समजायचं? सराटा (उलथनं) पुरणात मधोमध उभा करून हात सोडायचा. उभा राहिला तर उतरवा. हळूहळू कलला तर अजून पाच मिनिटं. लगेच पडला तर बसा ढवळत. आमच्याकडे हे आजी पळीनं करायची, आम्ही सराट्यानं करतो, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ही टेस्ट कढईच्या मधोमध करायची, कडेला पुरण नेहमीच जास्त घट्ट असतं, तिथं सराटा उभा राहतो आणि माणूस फसतो. यंत्रातून गरम गरमच काढायचं, वेलची-जायफळ शेवटी.

गुळाबद्दल एक, कारण दुकानात घाईत ही चूक होते. चिक्कीचा गूळ नको. त्याचं पुरण कढईत छान घट्ट दिसतं आणि गार झालं की दोरीसारखं ताणलं जातं, लाटताना कणकेसोबत सरकत नाही आणि पोळी फाटते. आणि पावसाळ्यात भेली उघडी ठेवली की तिला पाणी सुटतं, तसा ओलसर गूळ आला असेल तर फेकायची गरज नाही, आटवायला पाच-सात मिनिटं जास्त धरा.

चौथा फरक मला सगळ्यात शेवटी दिसला आणि खरं सांगतो, बायकोनं दाखवला. पोळ्याला पुरण ताटात काढतात, पंख्याखाली अर्ध्या तासात गार. महालक्ष्म्यांना दहा किलो पुरण गंजातच, वरून झाकण, वरून स्वच्छ कापड, सोवळ्यातलं आहे म्हणून कोणी हात लावायचा नाही. झाकणाला आतून वाफ धरते, ती थेंब थेंब परत पुरणात. तिनं झाकण उचलून तिरपं केलं, खाली नुसती धार लागली, अर्धी वाटी पाणी असेल. आपण दोन तास घाम गाळून जे पाणी काढलं ते झाकणानं परत दिलं. शिवाय इतकं खोल पुरण मधून गार होतच नाही, वरून हात लावला तर थंड, बोट खुपसलं तर चटका. असं गरम पुरण कणकेत भरलं की आतल्या वाफेनं कणिक आतून ओली होते, पोळपाटाला चिकटते आणि कडेनं सुटते. तुमची पोळी कडेनं फुटत असेल तर शंभरातले नव्वद वेळा पुरण एक तर पातळ आहे नाही तर आतून गरम आहे.

आणि अजून एक. एका वर्षी दुपारी तीनच्या पंगतीला पुरण आंबूस लागलं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं गूळ खराब. गूळ नव्हता खराब, सकाळी नऊचं पुरण सहा तास गंजाच्या पोटात कोमट बसलं होतं, भाद्रपदातल्या दमट हवेत. लोकांनी खाल्लं नाही हे बरं झालं.

फ्रिजमध्ये ठेवा असं कोणी सुचवेल तर आमच्याकडे ते चालत नाही, नैवेद्य दाखवल्याशिवाय काही फ्रिजमध्ये जात नाही आणि आदल्या दिवशी पुरण करून ठेवणं तर विषयच नाही. तुमच्याकडे चालत असेल तर आदल्या रात्री करा, अर्धी डोकेदुखी तिथंच संपली. आमच्यासाठी उपाय म्हणजे दोन मोठ्या कोपरी (पसरट पराती), प्रत्येक घाणा झाला की यंत्रातून काढून थेट कोपरीत बोटभर जाडीचा थर पसरायचा, पंखा सुरू, झाकण नाही, पातळ मलमलचं कापड तेवढं. पस्तीस मिनिटांत हाताला थंड. मग मुटके वळून ठेवायचे, सगळ्यांचे सारख्या वजनाचे. आम्ही नव्वद ग्रॅमचा धरतो, विदर्भात पोळीला पुरण कमी पडलं तर पाहुणे बोलत नाहीत पण पुढच्या वर्षी आठवण काढतात.

कणकेचं थोडक्यात सांगतो कारण तिच्यावर उगाच जास्त आळ येतो. कणिक पुरणाइतकीच मऊ पाहिजे, इतकंच खरं आहे. कणिक घट्ट आणि पुरण मऊ असेल तर लाटताना पुरण पळतं आणि कणिक मागे राहते. कणिक बारीक चाळून, मीठ, हळद, तेल, सैलसर भिजवून तेलाचा हात लावून तासभर झाकून. पण मोठ्या स्वयंपाकात आम्ही सकाळी सहाला सगळ्यांची कणिक एकदम भिजवायचो आणि शेवटची पोळी दोनला लाटायचो. आठ तास भिजलेल्या कणकेत जीव राहत नाही, ती ताणायच्या ऐवजी तुटते, रंगही काळपट येतो. आता तीन वेळा भिजवतो, साडेआठ, दहा, साडेअकरा. ज्यांच्या पहिल्या तीस पोळ्या चांगल्या आणि नंतरच्या फाटतात त्यांनी पुरणाला दोष देऊ नये, हे कणकेचं वय आहे.

वेळेचं गणित असं बसलं. आमच्याकडे नळ साडेपाचला येतो, आई आंघोळ करून ताजं पाणी भरते. रात्री डाळ भिजवायचा प्रयोगही करून झाला, सकाळी वर फेस आणि वास, नको ते. त्याऐवजी कडकडीत गरम पाण्यात एक तास, तेवढ्यात नखानं तुटते. पावणेसातला पहिले दोन कुकर, आठ-सव्वाआठपर्यंत चारही किलो निथळून तयार. दोन कढयांवर पहिले दोन घाणे पावणेनऊ-नऊच्या सुमाराला उतरतात, पुढचे दोन पावणेदहापर्यंत. साडेदहाला दोन तव्यांवर पोळ्या सुरू. साडेबाराला नैवेद्य, एकला पहिली पंगत. मधे आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या हे सगळं वहिनी आणि ताई बघतात, त्यात मी पडत नाही. सोळा भाज्यांची पिशवी आदल्या दिवशी पहाटे कॉटन मार्केटमधून आणून देतो आणि सांबार (कोथिंबीर) विसरलो म्हणून परत जातो, दरवर्षी.

(कढी फुटते तो वेगळा विषय आहे. थोडक्यात, बेसन ताकात आधी नीट घुसळा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळणारा हात थांबवू नका. गंजाशेजारी एक माणूस बसवा ज्याला फोन येत नाही.)

आता ज्यांचं पुरण आत्ता, या क्षणी पातळ आहे आणि पाहुणे आले आहेत त्यांच्यासाठी. सगळं पुरण परत चढवू नका, वेळ जाईल. किलोभर काढा, सगळ्यात पसरट कढईत किंवा सरळ मोठ्या तव्यावर पसरा, मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं सारखं उलटत राहा, ताटात पसरून पंख्याखाली, तोवर दुसरं किलो. पहिल्या किलोच्या पोळ्या सुरू होतात तेवढ्यात. अगदीच हाताबाहेर असेल तर तुपावर खमंग भाजलेलं बेसन किलोला दोन मोठे चमचे मिसळा, कच्चं बेसन नको, त्याचा वास लपत नाही. बेसनानं पुरण आवळतं पण चव थोडी लाडवाकडे जाते हे मान्य करून टाका. मायक्रोवेव्ह असेल तर काचेच्या भांड्यात उघडं ठेवून दोन-दोन मिनिटं, मधे ढवळत, तेही चालतं. उलट पुरण जास्त आटून भुगा झाला असेल तर गरम दूध शिंपडून मळा, पाणी नको. आणि तव्यावर एक फुटली की तवा लगेच ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर एकीचं दुखणं चौघींना.

२०२२ ला यातलं काहीच माहीत नव्हतं, तेव्हा पुरण इतकं पातळ होतं की शेवटी मोठी आई स्वयंपाकघरात आली, एकदा गंजात वाकून बघितलं आणि म्हणाली, साध्या पोळ्या लाटा गं, पुरण वाटीत वाढा, वरून तूप सोडा. नैवेद्यापुरत्या पाच पोळ्या कशाबशा जमवल्या आणि बाकी सगळ्यांना वाटीत पुरण, त्यावर तुपाची धार. लोक बोटं चाटून गेले. एक काका दुसऱ्या वर्षी विचारत होते की ते वाटीतलं पुरण नाही का यंदा.

२०२५ ला पोळा २२ ऑगस्टला होता आणि महालक्ष्म्यांचं पूजन १ सप्टेंबरला, सोमवार. चार घाणे, दोन कोपरी, नळाचं पाणी, सोडा कपाटात. एकशे बारा पोळ्या झाल्या, सात फुटल्या, त्यातल्या चार माझ्या भाच्यानं लाटलेल्या, त्या मोजायच्या नाहीत असं ताईचं म्हणणं आहे. उरलेलं पुरण नैवेद्यानंतर फ्रिजमध्ये गेलं आणि चौथ्या दिवशी त्याचे दिंड केले. कट मात्र इतका निघाला की आमटी दोन शेजाऱ्यांकडे द्यावी लागली.

या वर्षीसाठी एकच बदल आहे. डाळीची बादली वेगळी काढली आहे, कोणी घाईत बोअरचं पाणी भरू नये म्हणून बायकोनं तिच्यावर जाड मार्करनं 'नळ' असं लिहून ठेवलं. परवा बघितलं तर आईनं त्या अक्षरांच्या खाली हळदीकुंकवाची दोन बोटं लावली आहेत. मी विचारलं, हे कायले? तर म्हणे, "राहू दे, तुह्या वहीपेक्षा हे बरं."